घोड्या-गाढवांच्या पोटातले जंत डीएनएवरून कसे ओळखायचे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घोडा, गाढव आणि झेब्रा यांच्या आतड्यात राहणाऱ्या स्ट्रॉन्जाइल जंतांच्या साठाहून अधिक प्रजाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या पन्नासच्या आसपास एकट्या सायथोस्टोमिन, म्हणजे लहान स्ट्रॉन्जाइल गटातल्या. एकाच जनावराच्या पोटात यातल्या दहा-पंधरा प्रजाती एकत्र सापडणं अगदी नेहमीचं. सगळे पांढुरके किंवा लालसर, बहुतेक एक-दोन सेंटीमीटरच्या आतले, आणि नुसत्या डोळ्यांना एकसारखेच. लिदीतली त्यांची अंडी तर सूक्ष्मदर्शकाखालीही एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. म्हणून डीएनए.

पण सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, जंताचं नाव सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की तुमचा जंत जेनबँक या सार्वजनिक संग्रहातल्या अमुक सिक्वेन्सशी इतका जुळतो. त्या सिक्वेन्सला नाव दिलं ते कुणीतरी, कधीतरी, एखाद्या जंताचं तोंड आणि शेपूट पाहून. किंवा न पाहता! खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवावं लागतं.

आधी प्रश्न ठरवा

"जंत ओळखायचे आहेत" हा अजून प्रश्न झाला नाही. कळपात स्ट्रॉन्जिलस व्हल्गॅरिस आहे का, एवढंच हवं असेल तर सगळ्या प्रजातींचा वंशवृक्ष काढत बसण्याची गरज नाही. या जंताच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात, तिथे गुठळ्या होतात आणि जिवावर बेतणारा पोटशूळ उठू शकतो. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र पीसीआर चाचण्या आहेत (पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवणं). त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे लिदीतली अंडी उबवून तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या मिळवायच्या आणि त्यांच्या आतड्याच्या पेशी मोजायच्या. सायथोस्टोमिनच्या अळीत साधारण ८ पेशी असतात, व्हल्गॅरिसच्या अळीत २८ ते ३२. याला डीएनए लागत नाही, संयम लागतो.

औषध दिल्यावर कुठल्या प्रजाती टिकून राहिल्या, हे पाहायचं असेल तर मिश्र नमुन्याचं सिक्वेन्सिंग करावं लागतं. ते पुढे येईलच. आणि एखादी प्रजाती खरोखर एकच आहे की दोन, हा प्रश्न असेल, तर एकेक जंत सुटा घेऊन काम करण्यावाचून पर्याय नाही. नवख्याने याच तिसऱ्या प्रकारापासून शिकावं असं माझं मत आहे, कारण त्यात चूक झाली तर ती दिसते. मिश्र नमुन्यात ती आलेखाच्या रंगीत पट्ट्यांमागे दडून राहते.

नमुना गोळा करणं

जंत दोन मार्गांनी मिळतात. मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनातून, किंवा जंतनाशक दिल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांच्या लिदीतून. दुसऱ्या मार्गात एक अंगभूत पक्षपात आहे. औषधाला दाद न देणारे जंत बाहेर पडतच नाहीत, आणि आतड्याच्या आवरणात दडून बसलेल्या अळ्याही सहसा मिळत नाहीत. "या जनावरात या प्रजाती आहेत" असं लिहिण्याऐवजी "या औषधाने या प्रजाती बाहेर पडल्या" असं लिहिलेलं बरं.

जंत आधी मिठाच्या सौम्य द्रावणात किंवा पाण्यात धुऊन घ्या. मग थेट इथेनॉलमध्ये, ७० टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेच्या; ९५-९६ टक्के उत्तम. जंताच्या अंगातलं पाणी इथेनॉल पातळ करतं, म्हणून जंताच्या मानाने द्रव भरपूर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो बदला. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेले जंत दिसायला सुरेख राहतात, पण त्यातला डीएनए प्रथिनांशी जखडून जातो आणि त्याचे तुकडे पडतात. जुन्या संग्रहांतल्या बरण्यांसमोर हळहळण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही ते यामुळेच.

बाटलीवर पेनाने लिहू नका, इथेनॉल सांडलं की शाई जाते. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. जनावर, तारीख, ठिकाण, आतड्याचा कुठला भाग, शेवटचं जंतनाशक कधी आणि कुठलं.

डोकं आणि शेपूट राखून ठेवा

संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत हीच गाळली जाते.

स्ट्रॉन्जाइल जंताची ओळख त्याच्या दोन टोकांना असते. तोंडाभोवती पाकळ्यांसारख्या अवयवांची बाहेरची आणि आतली अशी दोन वलयं असतात. पाकळ्या किती, त्यांची लांबी किती, मुखकोशाची भिंत वरून खाली कशी जाड होत जाते, तळाशी दात आहेत का, यावरून वंश आणि बऱ्याचदा प्रजातीही ठरते. नराच्या शेपटीला छत्रीसारखा पसरट भाग असतो. त्यातले किरण आणि मीलनकाट्यांची टोकं पाहायची. मादीत शेपटीचा आकार आणि जननछिद्र शेपटीच्या टोकापासून किती दूर आहे, हे पाहायचं.

म्हणून धारदार पात्याने जंताचे तीन भाग करा. मधला तुकडा डीएनएसाठी. डोकं आणि शेपूट त्याच क्रमांकाच्या वेगळ्या बाटलीत. टोकांना लॅक्टोफिनॉलमध्ये थोडा वेळ पारदर्शक होऊ द्या, त्यांचे फोटो काढा आणि ती परत इथेनॉलमध्ये ठेवा. प्रत्येक जंतानंतर पातं बदला किंवा आचेवर धरा, नाहीतर मागच्या जंताचा डीएनए पुढच्यात जातो.

मादीच्या मधल्या तुकड्यात गर्भाशय असतं आणि त्यातल्या अंड्यांत नराचाही डीएनए असतो. नुसती प्रजाती ओळखायची असेल तर सहसा बिघडत नाही. पण लोकसंख्येचा आनुवंशिक अभ्यास करणार असाल तर नरच घ्या, किंवा मादीचा गर्भाशय नसलेला भाग.

फोटो काढून झाल्यावर, सिक्वेन्स येण्याआधी, तुमच्या मते ही कुठली प्रजाती आहे ते वहीत लिहून ठेवा. सिक्वेन्स हातात आल्यावर डोळे त्याच्या बाजूने पाहायला लागतात.

डीएनए काढणं

ही पायरी बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही ऊतींच्या किटने होते, त्यामुळे इथे रेंगाळत नाही. तुकडा शुद्ध पाण्यात धुऊन इथेनॉल काढून टाका, बारीक कापा, प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर) घालून ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. जंत लहान असेल तर शेवटी कमी द्रवात, ५० मायक्रोलिटरच्या आसपास, डीएनए उतरवा. प्रत्येक खेपेला जंत न घातलेली एक नळी सोबत चालवा. तिच्यात पुढे पीसीआरनंतर जेलवर बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, दिसला तर त्या खेपेचं काहीच ग्राह्य धरू नका.

अंडी किंवा लीद यांच्यापासून सुरुवात करत असाल तर दोन अडचणी येतात. अंड्याचं कवच चिवट असतं, त्यासाठी गोठवून-वितळवून किंवा बारीक मण्यांनी हलवून ते फोडावं लागतं. दुसरं म्हणजे लिदीतले घटक पीसीआर रोखतात. काहीच उमटलं नाही तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा करून पाहा. अनेकदा तेवढ्याने काम होतं.

डीएनएचा कुठला भाग वाचायचा

पहिला पर्याय आयटीएस-२. रायबोसोमच्या जनुकांमधला हा छोटा दुवा. घोड्यांच्या स्ट्रॉन्जाइल जंतांत तो साधारण दोनशे ते तीनशे अक्षरांचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुकं फारशी बदलत नाहीत, त्यामुळे एनसी१ आणि एनसी२ ही प्रायमरची (पीसीआर जिथून सुरू होतो त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जोडी बहुतेक सगळ्या स्ट्रॉन्जाइल जंतांवर चालते. प्रत्येक पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात, म्हणून एका अळीतूनही तो मिळतो. तोटाही त्याच प्रतींमुळे: त्या सगळ्या तंतोतंत सारख्या नसल्या तर सिक्वेन्स गढूळ येतो.

दुसरा पर्याय मायटोकाँड्रियातलं सीओएक्स-१ जनुक. ते जास्त वेगाने बदलतं, त्यामुळे जवळच्या प्रजाती आणि एकाच प्रजातीतले वेगवेगळे गट त्यात ठळक दिसतात. पण प्राण्यांच्या बारकोडिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक जनुकावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सर्रास वापरली जाणारी प्रायमरची जोडी गोलकृमींवर (स्ट्रॉन्जाइल त्यातलेच) बऱ्याचदा दगा देते. गोलकृमींसाठीच बनवलेले प्रायमर शोधा.

१८-एस हे जनुक इतकं सावकाश बदलतं की कुळाच्या पातळीखाली त्याचा उपयोग नाही. संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम मात्र वंशवृक्षासाठी फार कामाचा. लांबी सुमारे १४,००० अक्षरं, जनुकं ३६: प्रथिनांची १२, ट्रान्सफर आरएनएची २२ आणि रायबोसोमल आरएनएची २. बहुतेक प्राण्यांत असणारं एटीपी-८ जनुक इथे सापडलं नाही म्हणून घाबरू नका, बहुसंख्य गोलकृमींत ते नसतंच.

माझा सल्ला: आयटीएस-२ आणि सीओएक्स-१ दोन्ही वाचा, एकाच जंतातून. दोघांचा निकाल जुळला तर पुढे जा. जुळला नाही तर कदाचित तुमच्या हाती काहीतरी रंजक लागलंय, पण त्याआधी नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, ते तपासा.

पीसीआर आणि सिक्वेन्स वाचणं

आयटीएस-२ साठी ५५ अंशांच्या आसपास प्रायमर चिकटण्याचं तापमान आणि ३५ चक्रं, इथून सुरुवात करा. दीड ते दोन टक्के अॅगारोज जेलवर तीनशे ते चारशे अक्षरांच्या दरम्यान एकच नीटस बँड दिसायला हवा. दोन दिसले तर पुढे जाऊ नका.

सँगर पद्धतीने दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. प्रयोगशाळेकडून अक्षरांची फाइल येते आणि सोबत प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणाऱ्या आलेखाची. नवखे लोक फक्त अक्षरांची फाइल उघडतात. आलेख उघडा. सुरुवातीची वीस-तीस अक्षरं जवळपास नेहमीच खराब असतात, ती कापा. गुणवत्तेचा आकडा २० म्हणजे शंभरात एक अक्षर चुकीचं असण्याची शक्यता, ३० म्हणजे हजारात एक. दोन प्रजातींमधला फरकच चार-पाच अक्षरांचा असेल, तर वीसच्या गुणवत्तेवर निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे.

एकाच जागी दोन शिखरं दिसली तर तीन शक्यता असतात: नळीत दोन जंत होते, डीएनए मिसळला, किंवा आयटीएसच्या प्रतीच एकमेकींपासून वेगळ्या आहेत. एका ठरावीक जागेपासून पुढे सगळाच आलेख दोन माणसं एकदम बोलत असल्यासारखा झाला, तर सहसा एखाद्या प्रतीत अक्षर कमी-जास्त आहे. अशा वेळी पीसीआरचा तुकडा क्लोन करून, म्हणजे जिवाणूंत एकेक प्रत वेगळी वाढवून, प्रती सुट्या वाचाव्या लागतात. संगणकाने निवडलेलं अक्षर मुकाट्याने स्वीकारणं हा मार्ग नव्हे.

जेनबँकशी जुळवणं

आता ब्लास्ट, म्हणजे जेनबँकमधून जुळणारे सिक्वेन्स शोधणारा प्रोग्रॅम, आणि खरी फसगत इथेच होते.

एनसी१ आणि एनसी२ मधल्या तुकड्यात आयटीएस-२ च्या दोन्ही बाजूंना ५.८-एस आणि २८-एस जनुकांचा थोडा थोडा भाग येतो. तो सगळ्याच स्ट्रॉन्जाइल जंतांत जवळपास सारखा असतो. तो न कापता शोध घेतला तर साम्याचा आकडा फुगतो आणि भलतीच प्रजाती "९७ टक्के" म्हणून वर येते. आधी बाजूचे भाग कापा, मग शोधा. साम्याच्या टक्क्याशेजारी तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला, याचाही आकडा असतो. ९९ टक्के साम्य, पण जुळलेला भाग निम्माच, अशा निकालाला काही किंमत नाही.

पहिलं नाव उचलून मोकळं होऊ नका. वरच्या वीस-तीस नोंदी पाहा. त्यात तीन वेगवेगळी नावं सारख्याच गुणांनी आली असतील तर तो तुकडा त्या प्रजाती वेगळ्या करू शकत नाही, किंवा कुणीतरी चुकीचं नाव लावलंय. नोंद उघडून जंताचे अवशेष कुठल्या संग्रहालयात ठेवलेत का, एकाच अभ्यासातून दहा नोंदी आल्यात का, ते बघा. एकाच गटाने टाकलेल्या दहा सारख्या नोंदी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

चुकीच्या नावाचं सर्वांत बोलकं उदाहरण शिंगरांच्या लहान आतड्यातल्या मोठ्या गोलकृमीचं. पॅरास्कॅरिस इक्वोरम हे नाव पशुवैद्यकात वर्षानुवर्षं चालत आलंय. पण या वंशात पॅरास्कॅरिस युनिव्हॅलेन्स नावाची दुसरी प्रजातीही आहे. दोघी दिसायला सारख्या, फरक गुणसूत्रांत. युनिव्हॅलेन्समध्ये गुणसूत्रांची एक जोडी, इक्वोरममध्ये दोन. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे अंड्यांतली गुणसूत्रं मोजली गेली, तिथे बहुतेक युनिव्हॅलेन्सच निघाली. म्हणजे गुणसूत्रं न मोजता "इक्वोरम" म्हणून जमा केलेल्या कितीतरी सिक्वेन्सच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. नेहमीच्या जनुकांत दोघींमधला फरकही इतका थोडा की नुसत्या सिक्वेन्सवरून निवाडा होत नाही. गंमत अशी की याच जंताच्या अंड्यांवर एदुआर फान बेनेडेन आणि थिओडोर बोव्हेरी यांनी एकोणिसाव्या शतकात गुणसूत्रांचं मूलभूत काम केलं. शरीराच्या पेशी आपल्या डीएनएचा मोठा हिस्सा टाकून देतात, हे बोव्हेरीला दिसलं ते याच जंतात. पॅरास्कॅरिसचा पूर्ण जीनोम वाचायचा बेत असेल तर डीएनए अंड्यांतून घेतला की अंगाच्या भिंतीतून, हे नोंदवणं म्हणूनच अटळ आहे.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. सायलिकोसायक्लस नॅसॅटस आणि सायलिकोसायक्लस अॅशवर्थी या दोघी वेगळ्या की एकच, याबद्दल मतभेद होते. १९९७ मध्ये आयटीएसच्या सिक्वेन्सनी त्या वेगळ्या असल्याचं दाखवलं. सायलिकोस्टेफॅनस मिन्युटस या एका नावाखाली एकाहून अधिक प्रजाती दडल्या असाव्यात, याचे संकेतही याच पद्धतीने मिळाले. सिक्वेन्सचं खरं बळ इथे दिसतं: आधी टोकं पाहून निवडलेल्या जंतांवर.

वंशवृक्ष

तुमचे सिक्वेन्स आणि भरवशाच्या नोंदींमधले सिक्वेन्स एकत्र करून मॅफ्टसारख्या प्रोग्रॅमने ओळीत लावा. सीओएक्स-१ असेल तर ते प्रथिनाच्या भाषेत बदलून पाहा, पण अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा संकेत निवडून. मध्येच थांबा-संकेत आला तर तो खरा जनुकाचा तुकडा नसेल किंवा वाचण्यात चूक झाली असेल. आयटीएस-२ मध्ये मोकळ्या जागा बऱ्याच येतात. त्या हाताने तपासा.

झाड आयक्यू-ट्री किंवा मेगा यांत काढता येतं. बदलांचं मॉडेल प्रोग्रॅमलाच निवडू द्या, बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची हे पाहणाऱ्या फेऱ्या) १,००० ठेवा, आणि ७० टक्क्यांच्या खालच्या फांद्यांवर कुठलाही दावा टेकवू नका. झाडाचं मूळ ठरवण्यासाठी घेतात तो बाहेरचा गट फार दूरचा घेऊ नका. सायथोस्टोमिनचं झाड असेल तर स्ट्रॉन्जिलस वंश ठीक चालतो.

झाड नेहमी पुस्तकातल्या वर्गीकरणाशी जुळेलच असं नाही. ट्रायोडोंटोफोरस या वंशाला मुखकोशावरून मोठ्या स्ट्रॉन्जाइलमध्ये बसवलं जातं, पण मायटोकाँड्रियल जीनोमच्या झाडांत तो लहान स्ट्रॉन्जाइलच्या जवळ जाऊन बसतो. सायथोस्टोमिनच्या काही वंशांच्या प्रजातीही एकाच फांदीवर न राहता विखुरतात. असं दिसलं की लगेच "नवं वर्गीकरण" जाहीर करू नका. आयटीएस-२ च्या अडीचशे अक्षरांवर तर नाहीच. एका जनुकाचं झाड हा त्या जनुकाचा इतिहास असतो. प्रजातींचा इतिहास त्याहून वेगळा असू शकतो.

मिश्र नमुने

शेकडो अळ्यांचा डीएनए एकत्र काढून आयटीएस-२ च्या लाखो प्रती एकदम वाचायच्या, या पद्धतीला नेमाबायोम म्हणतात. ती आधी गुरांच्या जंतांसाठी विकसित झाली, नंतर घोड्यांसाठी वापरात आली. डाडा२ सारखा प्रोग्रॅम वाचनातल्या चुका गाळून नेमके वेगवेगळे सिक्वेन्स उरवतो आणि मग ते संदर्भसंग्रहाशी जुळवले जातात.

इथे दोन खबरदाऱ्या. वाचनांतला वाटा म्हणजे जंतांच्या संख्येतला वाटा नव्हे. मोठ्या जंतात पेशी जास्त, आयटीएसच्या प्रतीही जास्त, आणि प्रायमर सगळ्यांना सारखाच चिकटतो असंही नाही. संख्या माहीत असलेल्या अळ्यांचं मिश्रण स्वतः बनवून तेही सोबत वाचा. दुसरं, संग्रहात ज्या प्रजातीचा सिक्वेन्सच नाही, ती निकालात कधीच दिसणार नाही. तिची वाचनं जवळच्या नातेवाइकाच्या नावावर जमा होतील. प्रजातीपर्यंत पोचता येत नसेल तर वंशापाशी थांबा.

गाढवांबद्दल

गाढव आणि घोडा यांच्यात बहुतेक स्ट्रॉन्जाइल प्रजाती सामाईक आहेत. त्यामुळे यजमान कोण होता यावरून नाव ठरवू नका. पण सगळंच सामाईक नाही. स्ट्रॉन्जिलस असायनाय ही गाढव-झेब्र्यांतली प्रजाती. रायबोसोमल डीएनएनुसार ती स्ट्रॉन्जिलस व्हल्गॅरिसच्या सर्वांत जवळची. गाढवाच्या नमुन्यात व्हल्गॅरिसची चाचणी सकारात्मक आली, तर ती चाचणी असायनायला वेगळं काढते का, हे आधी तपासा. फुप्फुसातला डिक्टिओकॉलस आर्नफिल्डाय गाढवात बहुधा गुपचूप राहतो. घोड्याला मात्र त्याच्यामुळे खोकला होतो आणि तरीही लिदीत अळ्या बऱ्याचदा मिळत नाहीत.

सिक्वेन्स जमा करताना

नावाची खात्री नसेल तर वंशाचं नाव, त्यापुढे "प्रजाती अनिश्चित" आणि तुमचा नमुना क्रमांक, एवढंच टाका. जेनबँक ते स्वीकारते. गुणसूत्रं मोजली नसतील तर पॅरास्कॅरिसलाही हेच. यजमान, अवयव, तारीख, देश यांचे रकाने रिकामे ठेवू नका. डोकं आणि शेपूट एखाद्या संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक नोंदीत द्या. फोटो कुठे आहेत तेही लिहा.

जेनबँकमधली नोंद ज्याने टाकली त्यालाच सुधारता येते, इतर कुणी फक्त चूक कळवू शकतो. म्हणून संपर्कासाठी स्वतःचा विद्यार्थिदशेतला ईमेल न देता प्रयोगशाळेचा कायम चालू राहणारा पत्ता द्या.